पाऊण तास आणि सव्वा तास

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरपासून पश्चिमेला साधारण ७० किलोमीटरवर, जॉर्जटाउन नावाचं एक जुनं खाणगाव आहे. गावाच्या वर डोंगरात कॅबिन क्रीक हे जलविद्युत केंद्र. २ ऑक्टोबर २००७, मंगळवार, दुपारी दोनच्या सुमाराला या केंद्राच्या पाण्याच्या नळात आग लागली. पाण्याच्याच नळात, हो. त्यात तेव्हा पाणी नव्हतं, ११ माणसं होती. सहा बाहेर आली. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी संपून रात्रीचा दीड वाजला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या आपल्या पेपरांत ही बातमी कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही.

मी आयुष्यभर कारखान्यांच्या सेफ्टी खात्यात नोकरी केली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं या आगीची चौकशी करून ऑगस्ट २०१० मध्ये अहवाल काढला, तो तेव्हा कामाचा भाग म्हणून वाचला आणि मग कामाचा भाग नसतानाही वाचत राहिलो. अपघात म्हटला की ठिणगी कुठून आली हे सगळे विचारतात. माझं लक्ष दर वेळी दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. दोन वाजले तेव्हा कोण कुठे उभा होता, आणि तिथे उभा राहून त्यानं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं होतं का?

म्हणून हा घटनाक्रम दोन वाजल्यापासून सुरू होत नाही.

१९६७

कॅबिन क्रीक सुरू झालं ते या साली. हे उदंचन केंद्र, आपल्या घाटघरसारखं. वर एक तलाव, खाली एक तलाव, मधे नळ. विजेची मागणी चढली की वरचं पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं आणि रात्री वीज पडून असते तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं. घाटघरला वरचं धरण प्रवरेवर, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला, मधे सह्याद्रीचा कडा. इथे मधे रॉकी पर्वत, आणि खालचा तलावच समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर.

दोन तलावांना जोडणाऱ्या नळाला पेनस्टॉक म्हणतात. कॅबिन क्रीकचा पेनस्टॉक ४,३०० फूट लांब, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर. त्यातला १,५३० फुटांचा टप्पा पोलादी. पोलाद गंजू नये म्हणून त्याला आतून लेप असतो. तो लेप नव्यानं द्यायचा, एवढंच काम होतं. रंगकाम.

‘कॉन्फाइन्ड स्पेस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गटाराचं झाकण येतं, खांदे घासत उतरणारा माणूस येतो. हा नळ तसा नव्हता. त्याचा व्यास १२ फुटांच्या घरात होता. आत माणसं ताठ उभी राहून, हातात हात घालून चालू शकत होती. नवख्याला त्यात कोंडल्यासारखं वाटलंही नसतं. पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे माणूस आत शिरू शकतो, येण्याजाण्याचा रस्ता मात्र मर्यादित आहे आणि जागा सतत राहून काम करण्यासाठी बांधलेली नाही, या तीन गोष्टी जुळल्या की ती बंदिस्त जागा. भिंत अंगापासून किती दूर आहे, हे नियम विचारत नाही. दार किती दूर आहे याला महत्त्व.

निविदेचे दिवस

काम काढलं एक्सेल एनर्जी या वीज कंपनीनं. निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना वेगवेगळ्या बाबींत गुण दिले गेले. कॅलिफोर्नियातल्या सांता फे स्प्रिंग्जच्या आरपीआय कोटिंग या कंपनीला सुरक्षिततेच्या रकान्यात मिळालेला गुण होता शून्य, सर्वांत खालचा. तेवढ्यावर ती बाद व्हायला हवी होती. तिचा दर सर्वांत कमी होता. काम तिला मिळालं.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवावीत अशी आपली परिस्थिती नाही. ‘एल वन’, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, हा शब्द आपल्याकडच्या कुठल्याही परचेसच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा.

त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली, आणि मला ती शून्यापेक्षाही जास्त खुपते. नळाला बाहेर पडायला एकच वाट आहे, हा गंभीर धोका आहे, हे दोन्ही कंपन्यांच्या माणसांना काम सुरू होण्याआधी कळलेलं होतं. बोललं गेलं होतं. त्यावर उपाय काही झाला नाही. आमच्या मीटिंगांमध्ये असल्या मुद्द्यापुढे ‘नोटेड’ लिहितात. नोंद झाली की मुद्दा मिटल्यासारखा वाटतो, पुढचा विषय घेता येतो, आणि तोवर चहा आलेला असतो.

(पुढे खटला झाला. २०११ मध्ये जूरीनं वीज कंपनीला निर्दोष सोडलं. तेव्हा गुन्हेगार कोण हे मी इथे ठरवत बसणार नाही. ते काम एका न्यायालयानं केलेलं आहे.)

सप्टेंबर

पेनस्टॉक रिकामा झाला. आधी जुना लेप ब्लास्टिंगनं खरवडून काढायचा, मग इपॉक्सीचा नवा थर फवाऱ्यानं द्यायचा.

या कामावर घेतलेल्या बऱ्याच जणांना बंदिस्त जागेचं, ज्वलनशील द्रव हाताळण्याचं, स्थिर विजेचं, आग लागली तर काय करायचं याचं धड शिक्षण मिळालेलं नव्हतं, असं अहवाल म्हणतो. रंगारी म्हणून ते कच्चे होते असं कुणी म्हणत नाही. रंग त्यांना येत होता. नळ त्यांना कुणी समजावून दिला नव्हता.

मंगळवार, सकाळ

आज इपॉक्सी मारायला सुरुवात. फवाऱ्याचं यंत्र आत नेलेलं. दारापासून ते १,४५० फूट आत होतं. आपल्या लाल एसटीच्या चाळीस गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढं अंतर होईल. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला दार दिसतं. चाळिसाव्या गाडीतल्या माणसाला दिसतो तो फक्त नळ.

अशा कामाच्या सकाळी कुणाकडे काय असतं, ते इथेच सांगतो, कारण पुढे सांगायला सवड नाही. बंदिस्त जागेचा अमेरिकेचा नियम १९९३ चा. त्यात तीन माणसं आहेत. आत जाणारा, दाराशी थांबणारा आणि परमिटवर, म्हणजे आत जायच्या लेखी परवानगीवर, सही करणारा. आत जाणाऱ्यानं आत काय धोका आहे हे जाणून घ्यायचं, बाहेरच्याशी बोलत राहायचं, काही वेगळं जाणवलं की हातातलं टाकून निघायचं. सही करणाऱ्यानं गॅसची तपासणी, हवा, बचावाची सोय हे सगळं खरोखर जागेवर आहे याची खात्री करून मगच सही करायची, आणि परिस्थिती बदलली की परमिट रद्द करून माणसं बाहेर काढायची. हा ‘बदलली की’ लक्षात ठेवा, दुपारी लागेल.

राहिला तिसरा, दाराशी थांबणारा. आपल्या कारखान्यांत त्याला होल वॉच म्हणतात. त्याच्याइतका गैरसमज कुठल्याच माणसाबद्दल नसेल. तो काहीच करत नसल्यासारखा दिसतो. आत किती जण गेले ते मोजायचं, त्यांच्याशी संपर्क ठेवायचा, बाहेरचं लक्ष ठेवायचं, दुसरं कुठलंही काम अंगावर घ्यायचं नाही आणि आत काहीही झालं तरी आपण आत जायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड. आतला माणूस ओरडतोय, तो तुमच्या गावचा आहे, कदाचित मेहुणा आहे, आणि तुमचं काम काय, तर दारात उभं राहून मदत बोलावणं.

मी पहिल्यांदा होल वॉच झालो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. रिअ‍ॅक्टरचं मॅनहोल, आत एक फिटर, वर ब्लोअरची पिवळी नळी, माझ्या हातात शिट्टी आणि रजिस्टर. रजिस्टरात दोन रकाने : आत, बाहेर. अर्ध्या तासानं मुकादम आला. माझ्याकडे बघून म्हणाला, “तू काय नुसता उभा आहेस? जा, कँटीनला सहा चहा सांगून ये.” गेलो. त्या वयात मुकादमाला नाही म्हणायची जीभ नव्हती. परत येईतो दहा मिनिटं. ब्लोअरची नळी मॅनहोलच्या कडेवरून निसटून बाहेर पडली होती आणि गच्चीवरच्या हवेला हवा देत होती. फिटरदादा स्वतःच चढून वर आले होते, गुडघ्यांत डोकं घालून ओकत होते. चहा त्यांना दिला. कुणी काही बोललं नाही. रजिस्टरात ‘बाहेर’च्या रकान्यात वेळ मी अंदाजानं लिहिली, कारण ते बाहेर आले तेव्हा मी तिथे नव्हतो.

हा दाराशी थांबणारा माणूस आपल्याही कायद्यात आला होता, अमेरिकेच्या नियमाच्या कितीतरी आधी. कारखाने अधिनियम, १९४८, कलम ३६ : टाकी, हौद, खड्डा यात घातक वायू असण्याची शक्यता असेल तर सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला हवा, नाहीतर आत जाणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र हवं, कमरेला पट्टा हवा, आणि पट्ट्याला बांधलेल्या दोरीचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. कायद्याची भाषा सहसा कोरडी. पण इथे एक माणूस दोरी धरून उभा आहे हे डोळ्यांना दिसतं.

ती दोरी किती मोलाची, ते नेवासा तालुक्यातल्या वाकडीत दिसलं. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. पडक्या विहिरीत शेणाचा काला साठवलेला, त्यात मांजर पडलं. मांजराला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. वाचलेल्याच्या कमरेला दोरी होती. अमेरिकेच्या निओश या संस्थेनं १९८६ मध्येच सांगितलं होतं की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. ही माणसं मूर्ख नसतात. आपला माणूस समोर पडलाय आणि आपल्याला कुणी ‘थांब’ शिकवलेलं नाही, एवढंच त्यांच्याजवळ असतं.

दुपारकडे

कॅबिन क्रीकला काम मनासारखं होत नव्हतं. इपॉक्सी दोन भागांची असते. एक मूळ, एक तिला घट्ट करणारा. दोन्ही वेगवेगळ्या हॉपरमध्ये भरून यंत्र मापात मिसळतं आणि फवारतं. थंडीत ती मधासारखी जाड होते. दहा हजार फुटांवरचा ऑक्टोबर, वर पोलादी नळ. थर एकसारखा बसेना. शेवटी ठरलं की थांबायचं, यंत्र धुऊन काढायचं.

आता धुणं. रंगाऱ्याच्या दृष्टीनं यात काहीच विशेष नाही. ब्रश धुतो तसं यंत्र धुवायचं, थिनर फिरवायचं. इथलं थिनर होतं मिथाइल इथाइल कीटोन, एमईके. नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा गोडसर, नाकात चढणारा वास. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ९ अंशांच्या आसपास. म्हणजे जॉर्जटाउनच्या थंडीतही ते पेट घेण्याजोगी वाफ सोडत राहतं. ती वाफ हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड. उघड्या मैदानात वाऱ्यानं विरून जाते, नळाच्या तळाला ती बसून राहते.

‘परिस्थिती बदलली की’ म्हटलं होतं, ते इथलं. सकाळी आत रंगकाम होतं. आता आत उघड्या बादल्यांमध्ये ज्वलनशील द्रव होता. नळ तोच, माणसं तीच, दार तेच, पण काम दुसरं झालं होतं. आत एमईके वापरायचं हे दोन्हीकडच्या व्यवस्थापकांना ठाऊक होतं, पण त्याचा धोका आधी तोलून पाहिलेला नव्हता. दुसरं न पेटणारं द्रावक घेता आलं असतं. यंत्र बाहेर आणून धुता आलं असतं. जिथे द्रावक उघडलं जात होतं तिथे वाफ किती साचते हे सतत मोजत राहण्याची व्यवस्था नव्हती. आग विझवायचं सिलिंडर यंत्राच्या जवळपास नव्हतं.

माझ्या अनुभवात परमिटं सकाळी खोटी नसतात. सकाळी बहुतेक खरीच असतात. जेवणाच्या सुट्टीनंतर ती जुनी होतात, आणि जुनं झालेलं परमिट पाकिटात घालून दाराला अडकवलेलं असतं, म्हणून कुणी ते पुन्हा वाचत नाही. ‘फक्त साफसफाई आहे’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा मला पोटात कसंतरी झालेलं आहे. काम संपल्यावरचं काम, उरकून टाकायचं काम, ज्याला कुणी काम म्हणत नाही. माणसं तिथे मरतात.

दोनला काही मिनिटं

अकरा जण आत. पाच जण यंत्राच्या पलीकडे, नळाच्या खोल बाजूला. बाकीचे यंत्राच्या दाराकडच्या बाजूला.

हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कुणी बादली घ्यायला इकडे आला असेल, कुणी पाइप धरायला तिकडे राहिला असेल. पुढच्या पाऊण तासाचं सगळं या उभं राहण्यावर ठरलं.

दोन

यंत्रातून द्रावक फिरत होतं. ठिणगी बहुधा स्थिर विजेची. हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना अंधारात चटचट होतं, तीच. नळीतून द्रव वाहताना ही वीज साठते. धातूचे भाग जमिनीशी तारेनं जोडलेले असतील तर निघून जाते, नसतील तर उडी मारते.

हॉपरपाशी भडका उडाला. बादल्यांतलं एमईके पेटलं, मग इपॉक्सी पेटली. इपॉक्सी जळताना जो काळा, जाड धूर निघतो तो नळाच्या गोल छताला धरून दोन्ही बाजूंना पळतो. दाराकडचे सहा निघाले. विझवण्याच्या सिलिंडरसाठी ओरडा झाला. सिलिंडर यायला हवे होते दाराबाहेरून. जाऊन परत यायचं, म्हणजे चाळीस एसटी तिकडे, चाळीस एसटी इकडे. बाहेर आलेल्यांनी सिलिंडर घेऊन आत जाण्याचा प्रयत्न केला. धुरानं त्यांना मागे लोटलं.

तीन जण जखमी झाले. पाच जण आगीच्या मागे राहिले. त्यांच्या समोर आग, आगीच्या पलीकडे एकमेव दार. पाठीमागे नळ. त्या बाजूनं तो पुढे ५५ अंशांत चढतो. शिडीशिवाय गुळगुळीत नळात ५५ अंश म्हणजे माणसानं चढायची गोष्टच नाही. ते मागे सरकले. त्यांच्याजवळ हातातले रेडिओ होते.

दोन वाजून गेल्यावर

आपत्कालीन मदतीचा फोन गेला. अमेरिकेत ९११.

आता या फोनविषयी. बंदिस्त जागेच्या नियमात बचाव हा वेगळा विषय आहे. कोण वाचवणार, ते किती वेळात पोचणार, त्यांना ही जागा माहीत आहे का, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. कॅबिन क्रीकला दोन्ही कंपन्यांची बचावाची योजना होती ९११ ला फोन करणं. बाकी सगळ्यांची जागा, सहीची, आत जाणाऱ्याची, दाराची, माणसांनी भरलेली. वाचवणाऱ्याच्या जागी नंबर.

फोन लागला. माणसं आली, आणि मनापासून आली. आसपासच्या एकूण १४ पथकांनी त्या दिवशी धाव घेतली. पण घराच्या आगीत शिरणं वेगळं आणि दीड हजार फूट खोल, धुरानं गच्च, एका तोंडाच्या नळात शिरणं वेगळं. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा मोजकी. तेवढ्यात आत जायचं, आगीला वळसा घालायचा, पाच जणांना गाठायचं, आणि परत यायची हवा शिल्लक ठेवायची. आधी पोचलेली पथकं अशा बचावासाठी तयार केलेली नव्हती. ती दाराशी थांबली. कुणाला हे भ्याडपण वाटत असेल तर त्यानं वाकडीची विहीर आठवावी.

अडीच

रेडिओ चालू होता.

हे मी नेहमी टाळून पुढे जायचो, अहवाल वाचताना. आत पाच जण जिवंत, बाहेर त्यांचे साथीदार, बाहेर अग्निशमनची माणसं, आणि मधे एका बटणाचं अंतर. आतले बोलत होते, बाहेरचे उत्तर देत होते. ते काय बोलले हे इथे लिहिण्याचं मला कारण दिसत नाही.

तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर संपर्क अखंड होता. परमिटच्या फॉर्मवर ‘संपर्काचं साधन’ असा एक चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण करता आली असती.

पावणेतीन

साधारण पाऊण तास रेडिओवर आवाज येत राहिले. मग येईनासे झाले. पाचही जण धुरानं गेले. आग त्यांच्यापर्यंत पोचायची गरजच पडली नाही.

बोर्डानं नंतर आधीची प्रकरणं चाळली. १९९३ पासून एप्रिल २०१० पर्यंत बंदिस्त जागेत ज्वलनशील वाफेनं झालेले ५३ गंभीर अपघात सापडले, ४५ मृत्यू आणि ५४ जखमी. वर्ष १९९३ ध्यानात घ्या, बंदिस्त जागेचा नियम आला ते. म्हणजे हे सगळे नियम असतानाचे. त्या नियमात वाफ धोकादायक पातळीच्या वर गेली की काम करूच नका, असं ठाम वाक्य नव्हतं. बोर्डानं ते मागितलं. माझं म्हणणं असं की वाक्य असतं तरी मंगळवारी दुपारी यंत्राजवळ ते म्हणणारा माणूस लागला असता, आणि त्याला ‘तू काय नुसता उभा आहेस’ असं विचारणारा मुकादम जवळ नसता तर बरं.

सव्वातीन

बंदिस्त जागेतल्या बचावाचं खरं प्रशिक्षण असलेलं सर्वांत जवळचं पथक कॅबिन क्रीकपासून सुमारे सव्वा तासाच्या अंतरावर होतं. दोनला फोन, तर सव्वातीनला पोच. तेही रस्ता मोकळा, सगळे जण हजर आणि सामान गाडीत चढवलेलं असं धरून. पावणेतीनला रेडिओ थांबला. मधला अर्धा तास सप्टेंबरमध्येही तेवढाच होता, आणि त्या सकाळी काम सुरू झालं तेव्हाही तेवढाच. नकाशा आणि घड्याळ घेऊन कुणीही तो काढू शकलं असतं, दोन मिनिटांत.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी आमच्या कारखान्याची जुनी परमिटं काढून बसलो होतो. पिवळट कागद, कडेला तेलाचे अंगठे. खाली एक ओळ छापलेली असते, ‘रेस्क्यू टीम’, आणि पुढे दीड इंच मोकळी जागा. जवळजवळ प्रत्येक कागदावर तिथे एकच गोष्ट लिहिलेली होती, निळ्या बॉलपेननं, सकाळच्या पाळीच्या अक्षरात : १०१.